रस्त्याकडे तोंड असलेली घरे

धोबीतलावाकडून निघून चिराबाजार, ठाकुरद्वार आणि गिरगाव चर्च यांना मागे टाकीत ऑपेरा हाऊसच्या दिशेने जाणारा जो रस्ता सरकारी दप्तरात जगन्नाथ शंकरशेट मार्ग या नावाने नोंदलेला आहे आणि ज्याला जुना रहिवासी आजही नुसता गिरगाव रोड म्हणतो, तो लांबीने फार मोठा नाही. परंतु त्याच्या दोन्ही अंगांनी ज्या वाड्या फुटतात, त्या फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, खोताची वाडी यांचा संसार शंभरावर वर्षे या रस्त्यावरच येऊन सांडत राहिला, आणि त्यामुळे मुंबईतील मराठी मध्यमवर्गाच्या सार्वजनिक जीवनाचा बराचसा भाग येथे घडला. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 मध्ये सार्वजनिक गणपती बसला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 मध्ये सुरू केलेले 'नवाकाळ' येथूनच निघू लागले. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट मॅजेस्टिकच्या पडद्यावर बोलला. केळेवाडीत साहित्य संघाचे नाट्यगृह 1964 मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी 31 मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली. मॅजेस्टिकच्या जागी आज त्याच नावाचे दुकानांचे संकुल आहे.

या वैभवाचे वर्णन बहुधा हळहळीच्या सुरात केले जाते. मला मात्र त्यामागचे कारण अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते वास्तूच्या रचनेत आहे. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत एक कुटुंब, क्वचित दोन, राहत असत. झोपण्यापुरती जागा घरात आणि उरलेले सगळे आयुष्य गॅलरीत, जिन्यावर, ओट्यावर आणि नाक्यावर. रस्त्यालगतच्या इमारतींची गॅलरी थेट रस्त्यावर उघडे, आणि खालच्या मजल्यावर वाणी, पुस्तकविक्रेता, भांडीवाला, उपाहारगृह अशी दुकानांची सलग ओळ असे. पहिल्या मजल्यावरून हाक मारली की ती खालच्या दुकानदाराला ऐकू जाई, आणि शाळेतून उशिरा परतणारे मूल कोणाचे, हे नाक्यावरच्या चारजणांना तरी ठाऊक असे. ही आपुलकी केवळ माणसांच्या स्वभावातून आलेली नव्हती. अंतर इतके कमी होते की परकेपणाला जागाच उरली नव्हती. त्या जगण्यातील कष्ट कोणी विसरू नयेत. मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासासमोर पहाटे रांगेत उभी राहणारी म्हातारी, किंवा एकांताचा क्षण न मिळालेली नवी सून, यांना त्या जवळिकीची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळत होती.

हे चित्र इतकी वर्षे टिकले कसे आणि आता मोडते आहे ते का, याचे उत्तर शोधू गेल्यास आपण भाडेकायद्यापाशी येतो. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे मानले. युद्धानंतरच्या टंचाईत निराधार भाडेकरूला दिलेले ते संरक्षण न्याय्यच होते. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धे शतक जगला. महिन्याला काही रुपये भाडे मिळणाऱ्या घरमालकाला गिलावा करण्याचेही कारण उरले नाही, आणि त्याची भरपाई म्हणून पागडी बोकाळली. खोली हस्तांतरित होताना एकरकमी पैसा द्यायचा, त्यातला ठरलेला हिस्सा घरमालकाने घ्यायचा, आणि पावतीवर मात्र तेच जुने भाडे लिहायचे, असा हा व्यवहार. कायद्याने तो गुन्हा होता, वहिवाटीने तो रिवाज होता; 31 मार्च 2000 पासून अंमलात आलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या 56 व्या कलमाने त्याला अखेर मान्यता दिली. म्हणजे पागडीचा भाडेकरू पूर्ण मालक नाही आणि निव्वळ भाडेकरूही नाही; घर त्याच्या नातवापर्यंत जाते, पण छत गळू लागले तर ते दुरुस्त करणे कोणाचे कर्तव्य, यावर पिढ्यान् पिढ्या तंटा चालतो.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने 1969 च्या अधिनियमाने दुरुस्ती मंडळ स्थापन करून जुन्या इमारतींवर उपकर बसविला. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात गेल्या. ज्या तारखेने भाडे गोठवले, त्याच तारखेने म्हातारपणही मोजले गेले. टेकू, पत्रे आणि संक्रमण शिबिरे यांत काही पिढ्या गेल्या. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 33(7) या तरतुदीने वाढीव चटईक्षेत्राचे आमिष दाखवून खाजगी बिल्डरला पुनर्बांधणीकडे वळविले, आणि गिरगावात टॉवर उठू लागले. त्यातच 33.5 किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो-3 आली. गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठी या रस्त्याकाठच्या काही इमारती पाडल्या गेल्या, तेथील कुटुंबे आणि दुकाने हलली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ही दोन्ही स्थानके प्रवाशांसाठी खुली झाली. एके काळी ट्रामने येणारा माणूस आता रस्त्याच्या पोटातून वर येतो, ही सोय मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

माझी चिंता टॉवरच्या उंचीविषयी नाही. घरात स्वतंत्र संडास, लिफ्ट आणि चोवीस तास पाणी मिळणे हा त्या म्हातारीचा हक्कच होता, आणि तो तिला फार उशिरा मिळतो आहे. चिंता आहे ती तळाच्या मजल्यांची. नव्या इमारतीत बहुधा पहिले काही मजले वाहनतळाला जातात, रस्त्यालगत कुंपणाची भिंत आणि पहारेकरी येतो, आणि लोकवस्ती सुरू होते ती जेथून हाक खाली पोहोचत नाही अशा उंचीवर. पुनर्विकासाच्या करारनाम्यात प्रत्येक भाडेकरूच्या चौरस फुटांचा हिशेब काटेकोर असतो, दुकानदाराच्या गाळ्याचाही असतो. परंतु तो गाळा रस्त्याकडे तोंड करून राहील की आतल्या बाजूला दडपला जाईल, ओटा राहील की नाही, वाडीची सार्वजनिक वाट खुली राहील की फाटकाआड जाईल, याबद्दल रहिवाशांनी सह्या करण्यापूर्वी विचारले पाहिजे, कारण सही झाल्यावर हे प्रश्न विचारण्याचा अधिकार व्यवहारतः संपतो. खोताच्या वाडीत दुतर्फा लाकडी जिन्यांची ठेंगणी घरे अजून काही प्रमाणात उभी आहेत, आणि तेथून फिरताना वाट व घर यांचे प्रमाण डोळ्यांनी मोजता येते. नकाशा मंजूर करणाऱ्या महानगरपालिकेने व म्हाडाने तळमजल्याची दुकानांची ओळ रस्त्यालगत ठेवणे आणि वाहनतळ मागच्या अंगाला अथवा भूमिगत नेणे ही अट घातली, तर त्यासाठी कोणाचेही चौरस फूट कमी करावे लागणार नाहीत.