शंभर टक्क्यांच्या पलीकडे : शाळेचा वर्षअखेरचा लेखाजोखा कसा वाचावा?

विशेष प्रतिनिधी

कामठा (जि. गोंदिया) : १ मे हा महाराष्ट्र दिन. गोंदिया जिल्ह्याच्या लेखी या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. १९९९ साली याच दिवशी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. शाळकरी मुलांच्या लेखी मात्र हा प्रगतिपुस्तक हाती पडण्याचा दिवस. ध्वजवंदन झाले, की वर्गावर्गात निकाल वाचला जातो आणि पुढे चार-आठ दिवसांत स्थानिक पानावर तीन ओळींची बातमी येते. अमुक विद्यालयाचा निकाल शंभर टक्के, तमुक विषयात इतके प्रावीण्यप्राप्त, मुख्याध्यापक व शिक्षकांचे अभिनंदन.

या तीन ओळींमागे शाळेतील प्रत्येक विषय विभागाने वर्षभर ठेवलेला हिशेब असतो. तो सहसा मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर येत नाही. कामठ्यासारख्या गावातील मुलांचे पुढचे वर्ष कसे जाणार, याची खरी चुणूक मात्र त्या हिशेबातच मिळते.

विभाग म्हणजे किती माणसे?

शहरातील मोठ्या शाळेत गणित विभाग म्हटले, की चार-सहा शिक्षक, एक विभागप्रमुख आणि स्वतंत्र कपाट डोळ्यांपुढे येते. खेड्यातील माध्यमिक शाळेत अनेकदा संपूर्ण विभाग एकाच शिक्षकाचा असतो. गणित आणि विज्ञान एकाच्या गळ्यात, तर इतिहास, भूगोल आणि मराठी दुसऱ्याच्या. पदे किती मिळणार हे संचमान्यतेवर, म्हणजे पटावरील विद्यार्थिसंख्येवर ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष अधिक कडक केले. वरच्या वर्गांच्या गटात वीसपेक्षा कमी मुले असल्यास शिक्षकपदच मंजूर न होण्याची त्यातील तरतूद लहान शाळांच्या मुळावर येणारी असल्याचे सांगत शिक्षक संघटनांनी त्यास विरोध केला. म्हणूनच एखाद्या विभागाचे यश वा अपयश वाचताना तो विषय वर्षभर कोणी शिकवला, पद रिक्त होते काय, हे आधी विचारावयास हवे.

वीस गुणांचा धडा

दहावीत गुणांची विभागणी साधारणपणे ८० अधिक २० अशी आहे. ऐंशी गुण मंडळाच्या लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हाती. भाषांत तोंडी परीक्षा, विज्ञानात प्रात्यक्षिक, गणित व सामाजिक शास्त्रांत अंतर्गत मूल्यमापन. हे वीस गुण किती मोलाचे असतात, हे महाराष्ट्राने २०१९ मध्ये अनुभवले. २०१८-१९ या वर्षी भाषांसह काही विषयांचे अंतर्गत गुण काढून घेण्यात आले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता. परिणामी २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. गोंदिया जिल्हा ज्या नागपूर विभागात मोडतो, त्याचा निकाल तर ६७.२७ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी लागला. पुढील शैक्षणिक वर्षापासून अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

एका वर्षात मुले एवढी मंदावली नव्हती आणि दुसऱ्या वर्षी एवढी हुशारही झाली नव्हती. बदलले होते ते मोजमाप. त्यामुळे विभागाच्या अहवालात लेखी आणि अंतर्गत गुण स्वतंत्र मांडलेले असतील, तरच त्यातून काही बोध होतो. लेखीत ऐंशीपैकी वीस आणि तोंडीत वीसपैकी अठरा गुण असलेला विद्यार्थी उत्तीर्ण ठरतो. पण अकरावीत त्याची काय गत होईल, ही काळजी उरतेच. नागपूर विभागाला ही काळजी अधिक आहे. २०२४ मध्ये ९४.७३ आणि २०२५ मध्ये ९०.७८ टक्के निकालासह हा विभाग राज्याच्या यादीत तळाशी राहिला. त्याच दोन वर्षांत राज्याचा निकाल अनुक्रमे ९५.८१ आणि ९४.१० टक्के होता.

घरची भाषा, शाळेची भाषा

मराठी विभागाचा अहवाल या भागात विशेष लक्ष देऊन वाचावा लागतो. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा शेजारीच आहे. गोंदिया परिसरातील अनेक घरांत पोवारी बोलली जाते, बाजारात हिंदी चालते आणि शाळेत प्रमाण मराठी भेटते. घरी एक, बाजारात दुसरी आणि वहीत तिसरी भाषा वापरणाऱ्या मुलाच्या निबंधातील चुका या आळसाच्या नसतात. निकालाच्या तक्त्यात मात्र त्या केवळ ‘मराठी : कमी गुण’ अशाच उमटतात. मूल कोठे अडते, वाचनात, आकलनात की लेखनात, हे नोंदवणारा शिक्षक पुढच्या वर्गाच्या शिक्षकाचे निम्मे काम हलके करतो.

गुणांमागचे पैसे

काही नोंदींचा संबंध थेट घरच्या खर्चाशी असतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. मात्र ती टिकविण्यासाठी नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते आणि अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीत किमान ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना यात पाच टक्के सवलत आहे. शेतमजुराच्या घरी या रकमेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. किती मुले या परीक्षेस बसली आणि आधी निवडलेल्यांपैकी किती टिकली, हे दोन आकडे प्रत्येक शाळेने जाहीर करावेत.

कला विभागाकडेही अशाच दृष्टीने पाहावे. शासकीय रेखाकला परीक्षांतील श्रेणीमुळे दहावीत सवलतीचे गुण मिळतात. शाळेत कलाशिक्षक नसेल, तर मुलांची ही संधी परीक्षेपूर्वीच हुकते.

न दिसणारी मुले

वर्षअखेरच्या हिशेबातील सर्वांत नाजूक भाग निकालपत्रात दिसत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मुळे आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलास अतिरिक्त मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा मिळते. तीतही यश न आल्यास त्याच वर्गात बसावे लागते. हे मार्गदर्शन ऐन उन्हाळ्याच्या सुटीत द्यावयाचे असते. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्याच्या नंतर सुरू होतात. तोपर्यंत मूल पालकांसोबत कामावर गेले असेल, तर त्याला शोधून आणण्याचे कामही शाळेलाच करावे लागते.

त्याहून कठीण वळण नववीचे आहे. दहावीचा निकाल घसरू नये म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवायचे किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खासगीरीत्या बसण्याचा सल्ला द्यायचा, ही वाट शिक्षण क्षेत्रात कोणाला अपरिचित नाही. खासगी विद्यार्थी शाळेच्या नियमित निकालात मोजला जात नाही. टक्केवारी शाबूत राहते, मूल मात्र वर्गाबाहेर जाते. मुलीच्या बाबतीत याचा अर्थ पुष्कळदा शिक्षण संपणे असाच होतो.

चार प्रश्न

म्हणून निकालाची बातमी वाचताना पालकांनी, तसेच शहरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला चार प्रश्न जरूर विचारावेत. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेस बसली? लेखी आणि अंतर्गत गुणांत अंतर किती? कोणत्या विषयाला वर्षभर पूर्णवेळ शिक्षक नव्हता? पुनर्परीक्षेच्या मुलांसाठी मे-जूनमध्ये कोण शाळेत येणार? शहरातील नामांकित शाळांनाही हे प्रश्न तितकेच लागू पडतात.

दहावीत एक-दोन विषय राहिलेल्या मुलांपुढे दारे बंद होत नाहीत, हेही घरोघरी सांगितले गेले पाहिजे. २०१५ पासून पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस होऊ लागली आणि एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेशही मिळू शकतो. ज्या शाळेचा निकाल ९० टक्के लागला आणि उरलेल्या दहांपैकी प्रत्येक मुलाचे नाव, अडलेला विषय व पुढची तारीख जिच्या वहीत लिहिलेली आहे, ती शाळा शंभर टक्क्यांच्या फलकाहून अधिक अभिनंदनास पात्र आहे.