चौसष्ट घरांचा गहू आणि कर्जाचे व्याज

बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजा म्हणाला, "बक्षीस माग." पट शोधणाऱ्याने गहू मागितला. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट. राजा हसला, पण हिशेब मांडल्यावर त्याचे डोळे पांढरे झाले.

दहाव्या घरात अवघे ५१२ दाणे. मूठही भरत नाही. एकविसाव्या घरात मात्र दहा लाखांच्या वर! चौसष्ट घरांची बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. किलोत पंचवीस हजार दाणे धरले, तर साऱ्या जगाने हल्लीइतका गहू पिकवूनही नऊशे वर्षे पुरी पडणार नाहीत.

यातली मेख अशी, की कोणत्याही घरातले दाणे मागच्या सगळ्या घरांच्या बेरजेहून एकाने जास्तच भरतात. म्हणून वाढ आधी जाणवत नाही आणि मग आवरत नाही.

चक्रवाढ व्याजाची चाल हीच. दरमहा शेकडा ३ रुपयांनी हजार रुपये काढले आणि काहीच फेडले नाही, तर सरळ व्याजाने दहा वर्षांत ४,६०० देणे होते. तेच व्याज दरमहा मुद्दलात मिळवले, तर दोन वर्षांत दुपटीच्या वर आणि दहा वर्षांत ३४,७०० च्या वर! जुन्या दामदुपटीच्या नियमाने एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे, ते उगीच नव्हे.

तेव्हा कागदावर सही करण्यापूर्वी विचारा: व्याज सरळ की चक्रवाढ? आणि घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून तो हिशेब वहीत मांडून घ्या.