टाळूचं कातडं हिरडीला

तेरमध्ये सकाळी कुठल्याही गल्लीतून जा, ओट्यावर बसून बोटाने मिश्री लावणारी एखादी बाई दिसतेच. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. वर्षानुवर्षं तीच भुकटी त्याच दातांवर घासली की हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर दातासारखं टणक कवच नसतं, त्यामुळे माठातलं पाणी प्यायलं तरी सणक मस्तकात जाते. मी हिरड्यांची डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या मावश्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

उघडं मूळ झाकण्यासाठी आम्ही बहुधा पेशंटच्याच टाळूतलं कातडं घेतो. टाळूची वरची त्वचा जागेवर ठेवून आतला थर तेवढा काढायचा आणि तो हिरडीखाली सरकवून टाके घालायचे, ही पद्धत १९८५मध्ये अमेरिकेतल्या लँगर दांपत्याने मांडली. त्याआधी वरच्या त्वचेसकट तुकडा कापत. टाळूवर उघडी जखम राहायची, दोन-तीन आठवडे तिखट खाता यायचं नाही आणि हिरडीवर फिकट रंगाचं ठिगळ कायमचं दिसायचं. हिरडी फारच पातळ असेल, तर ती पद्धत आजही लागते.

धोका खरा असतो तो टाळूत. तिथून एक रक्तवाहिनी पुढे येते. टाळू खोल असेल तर ती दातांपासून सुमारे १७ मिलिमीटरवर असते, सपाट असेल तर ७ मिलिमीटरवरच. म्हणून भूल देण्याआधी मी तोंड उघडून टाळूचा आकार नीट बघते. तुकडा दीड-दोन मिलिमीटरहून जाड लागत नाही, आणि सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंतची जागा त्यातल्या त्यात सुरक्षित. घरी गेल्यावर रक्त आलंच तर ओला गॉज टाळूवर बोटाने वीस मिनिटं घट्ट दाबून धरायचा, मधे उचलून बघायचं नाही. थांबलं नाही तर रात्र असली तरी फोन करायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, मनाने बंद करायच्या नाहीत.

दुसरी भीती ग्राफ्ट, म्हणजे लावलेला तुकडा, मरण्याची. उघड्या मुळाच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तो तुकडा आजूबाजूने झिरपणाऱ्या द्रवावरच तगतो. नंतर बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात. नुकतं लावलेलं मिरचीचं रोप कुणी हलवून बघत नाही, तसंच इथेही ओठ ओढून आरशात बघायचं नाही. वरचा थर पांढरट दिसला तर घाबरायचं कारण नाही. तुकडा सैल होऊन हलायला लागला किंवा पू आला, तर मात्र लगेच यायचं. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. मिश्री सुटली नसेल तर मी हे ऑपरेशन करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. वाढलेली साखरही आधी आटोक्यात आणावी लागते.

पर्यायांचा विषय निघाला की मला एक माळकरी मावशी आठवतात. टाळू कापून घ्यायची त्यांना भीती वाटत होती, म्हणून मी तयार पट्टीचं सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावून विचारलं, "ताई, ते कशाचं असतंय? जनावराचं असंल तर मला नको." तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, इथे हा प्रश्न येणारच. खरं तर तो प्रत्येक पेशंटने विचारावा. बाजारात मिळणारी कोलॅजनची जाड पट्टी बहुधा डुकरापासून बनवतात. पेशीविरहित त्वचेची पट्टी बहुधा मृत दात्यांच्या त्वचेची असते. हे सांगितल्याशिवाय सही घेणं मला मान्य नाही. शिवाय या पट्ट्यांना काही हजार रुपये पडतात.

आपल्याकडचा एक पर्याय मुंबईत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी तपासणी झालेल्या मातांच्या वारेतलं पातळ आवरण वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देते. जखम भरायला त्याची मदत होते, पण ते कागदासारखं पातळ असल्याने हिरडीला जाडी येत नाही. चौथा पर्याय पेशंटच्याच रक्ताचा. फ्रान्सच्या शुक्रून यांनी २००१मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दंडातून रक्त काढून लगेच यंत्रात फिरवतात आणि मधे जमलेला फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोळा दाबून पट्टी करतात. बाहेरचं काहीच मिसळत नाहीत. टाळूही शाबूत राहतो. मूळ झाकण्यात आणि हिरडी जाड करण्यात मात्र टाळूच्या तुकड्याची सर अजून कशालाच नाही.

मावशींनी रक्ताचा पर्याय निवडला, आणि गोरोबाकाकांची चैत्रातली यात्रा झाल्यावरच करू म्हणाल्या. मीही घाई केली नाही, तेवढ्या दिवसांत मिश्री सुटायची होती. एका सुळ्याचं मूळ पूर्ण झाकलं गेलं. शेजारच्या दाताचं अर्धंच झाकलं, कारण त्याच्या पलीकडच्या बाजूचं, दोन दातांमधलं हाडच झिजलं होतं. तिथे कुठलाही ग्राफ्ट हिरडी पूर्ण वर आणू शकत नाही. हे मी एक्स-रे दाखवून आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांना ते फसवणूक वाटलं नाही. सणक गेली, बर्फाचा गोळा खाता येतो, एवढं त्यांना पुरे होतं. दात थोडा लांब दिसतो पण दुखत नाही आणि हिरडी आणखी सरकत नाही, अशा पेशंटला मी ऑपरेशन सुचवतच नाही. मऊ ब्रश देते आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलावते.