वाणी म्हणजे नेमका कोण?

‘वाण्याची जीभ गोड, म्हणून तो वाणी’ अशी व्युत्पत्ती अधूनमधून कानावर येते. ऐकायला छान, पण खोटी. बोलण्यातली वाणी स्त्रीलिंगी, संस्कृतातून जशीच्या तशी आलेली. दुकानातला वाणी पुल्लिंगी आणि ‘वणिज्’च्या कुळातला. प्राकृतात तो ‘वाणिअ’ झाला, मराठीत वाणी. वाणिज्य हे त्याचंच भावंड. विभक्ती लावून पाहा, दोघे लगेच वेगळे होतात: वाणीचा गोडवा, पण वाण्याची उधारी. संक्रांतीला लुटतात ते वाणही या घराण्यातलं नव्हे, ते ‘वायन’वरून आलं.

दुसरा समज जास्त पक्का आहे: वाणी ही एक जात. खानदेशातले लाडशाखीय वाणी, तळकोकणातले वैश्यवाणी, लिंगायत वाणी, गुजराती वाणी हे सगळे निरनिराळे समाज. त्यांचे आचार वेगळे, कुलदैवतं वेगळी, परंपरेनं सोयरीकही आपापल्यातच. सारखा होता तो धंदा. म्हणजे शब्द मुळात व्यवसायाचा. जातीच्या नावात तो मागून जाऊन बसला.

याचा सर्वांत ठळक दाखला देहूचा. तुकोबांना ‘तुका वाणी’ म्हणतात, त्यावरून ते जातीनं वाणी असावेत असं अनेकांना वाटतं. ते कुणबी, घराणं मोऱ्यांचं. घरात महाजनकी होती, दुकानदारी होती, आणि दुष्काळात त्या धंद्याचं दिवाळं निघालं. आपली जात शूद्र, व्यवसाय तेवढा वैश्याचा केला, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. मग वाद कशाला?

या शब्दाचा प्रवास मात्र भलताच लांबचा. गुजराती ‘वाणियो’ अरबी समुद्रावरच्या व्यापारात फिरला आणि युरोपियांच्या तोंडी ‘बनियन’ झाला. इराणच्या किनाऱ्यावर, बंदर अब्बासजवळ एका वडाखाली हे व्यापारी जमत, त्यामुळे इंग्रजीत वडालाच ‘बॅनियन’ नाव पडलं. भारतीय व्यापाऱ्यांच्या पेहरावावरून सैल अंगरख्यालाही इंग्रज तेच म्हणू लागले आणि पुढे ते नाव शर्टाच्या आतल्या बनियनपर्यंत उतरलं. ब्रिटिश आरमारात मांस न मिळण्याचा दिवस ‘बॅनियन डे’ म्हणून ओळखला जाई. शाकाहारी वाण्यांची ख्याती खलाशांपर्यंत पोचली होती ती अशी.

धंद्यातल्या बाकीच्या शब्दांचं थोडक्यात. शेठ हा संस्कृत ‘श्रेष्ठी’, म्हणजे व्यापारी श्रेणीचा प्रमुख. सावकारातला ‘साव’ म्हणजे साधू. कर्ज फेडणाऱ्याला हे पटायचं नाही, पण व्युत्पत्ती तीच. आणि ‘किराणा दुकान’ या जोडीत किराणा फारसी वाटतो, तो संस्कृत ‘क्रयाणक’वरून आला, अस्सल देशी वाटणारं दुकान मात्र अरबी, फारसीमार्गे आलेलं.