जुनी लेथ आणि पहिलं लाटणं

लाकूडकामाचं एखादं यंत्र जुनं घ्यायचं असेल, तर ते लेथ असावं. तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं: मोटर, पट्टा, फिरणारा स्पिंडल आणि त्याला पेलणारी बेअरिंगं. बाकीचं बीड, आणि तडा गेला नसेल तर त्याचं वय बघायचं कारण नाही. मात्र भंगारबाजारात ‘लेथ’ म्हणून बरेचदा लोखंड कातायची लेथ दाखवतात. त्या लेथवर हत्यार घट्ट आवळून बसवायची सोय असते. लाकडाच्या लेथवर नुसता एक टेकू असतो. हत्यार हातातच धरायचं असतं.

पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवा. करकर जाणवली, किंवा धरून वर-खाली हलवल्यावर स्पिंडल हलला, तर बेअरिंग गेलं आहे. तेवढ्यावर सौदा मोडू नका. बेअरिंगवर नंबर असला तर ते सहसा दुकानात मिळतं. फार जुन्या यंत्रात गनमेटलचे बुश असतील तर ते करून घ्यावे लागतील. मग हेडस्टॉक (स्पिंडल असलेलं डोकं) आणि टेलस्टॉक (बेडवर सरकणारं समोरचं टोक) या दोन्हींत टोकदार सेंटर बसवून ती जवळ आणा. टोकाला टोक भिडलं पाहिजे. टेलस्टॉक किंचित खाली असेल तर पत्र्याची पट्टी घालून उचलता येतो, पण बेडच पिळलेला असेल तर नमस्कार करून निघा. स्पिंडलचे आटेही तपासा. लाकूड पकडणारे चक आणि फेसप्लेट त्यावरच चढतात, आणि गावठी बनावटीच्या यंत्राचे आटे बाजारातल्या चकशी जुळतीलच असं नाही. सोबत फेसप्लेट मिळत असेल तर घासाघीस थोडी आवरती घ्या.

कारखान्यातल्या लेथला थ्री फेज मोटर असते, घरात सिंगल फेज. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर लावली की घरच्या बहुतेक कामाला पुरते. आपल्याकडची नेहमीची मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते; पुली बदलून स्पिंडलचा वेग कमी-जास्त करायचा. ढोबळ हिशोब असा: इंचातला व्यास गुणिले फेरे, हा आकडा 6000 ते 9000च्या दरम्यान राहावा. दोन इंची दांड्याला 3000 चालतात, पण नवख्याला निम्मे पुरे. दहा इंची वाडग्याला मात्र 600च, आणि ओंडका वेडावाकडा असेल तर त्याहून कमी. म्हणून विकणाऱ्याला सर्वांत कमी वेग किती, हे आधी विचारा. जास्तीत जास्त किती, हे तो न विचारता सांगतोच.

लेथ अशा उंचीवर बसवा की स्पिंडल तुमच्या कोपराच्या पातळीत येईल. खालच्या घोड्यावर वाळूची पोती ठेवली की थरथर कमी होते.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. रफिंगची मोठी गोल पटाशी, एक छोटी गोल, एक तिरकी आणि तोडायचं पार्टिंग टूल एवढी हत्यारं हवीत, आणि ती एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची. साधं पोलादी हत्यार ग्राइंडरवर तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. सुताराची नेहमीची पटाशी इथे वापरू नये. धार मात्र काम चालू असताना पुन्हा पुन्हा लावावी लागते, म्हणून ग्राइंडर लेथच्या शेजारीच हवा.

पहिल्यांदा लाटणं करा. शिवण किंवा आंब्याचा, गाठ नसलेला, 5 सेंटिमीटर चौरस आणि 35 सेंटिमीटर लांब तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढा आणि तुकडा सेंटरांत आवळा. टेकू लाकडापासून तीन-चार मिलिमीटरवर आणा. हाताने एक पूर्ण फेरा द्या. कोपरा कुठे अडत नाही ना, ते पाहा. मग बाजूला उभं राहून बटण दाबा. हातमोजे, ओढणी, सैल बाही, अंगठी, बांगड्या काहीही नको. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकावर मास्क हवाच.

हत्यार आधी टेकूवर ठेवा, मग लाकडाला लावा. उलट केलंत तर लाकूड ते खाली खेचून आपटतं. धारेमागचा उतार लाकडावर घासू द्या आणि मूठ हळूहळू वर उचला; एका क्षणी भुसा थांबून सालपट निघू लागतं. जाड भागाकडून बारीक भागाकडे कापायचं, म्हणजे रेषा उचकटत नाहीत. कोपऱ्यांची ठकठक थांबली की दांडा गोल झाला. लाकूड बारीक होत गेलं की टेकूची फट वाढते. यंत्र थांबवून टेकू जवळ घ्या. चालू लेथवर तो सरकवू नका.

घासताना टेकू काढून ठेवा. 120चा पॉलिश पेपर, मग 240चा, लाकडाच्या खालून धरून. शेवटी कच्चं जवसाचं तेल लावा. तेलाचे बोळे चुरगाळून ठेवू नका, ते आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा. पुढे खेळणी केलीत तर लाख वापरून पाहा. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याच्या पातीने ती सारखी करून चमकवतात.

वाडग्याची घाई करू नका. आणि करालच, तेव्हा रफिंगची ती मोठी गोल पटाशी बाजूला ठेवा: तिचं मुठीत जाणारं शेपूट बारीक असतं, वाडग्याच्या आडव्या रेषांत अडकलं तर ते तिथेच मोडतं.