बाराच्या कॅमेऱ्यात चोवीस फोटो?

डिजिटलच्या जमान्यात हा कसला विषय, असं म्हणाल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर आजोबांचा अ‍ॅग्फा क्लिक ३ पडलेला असतो. आमच्याकडेही आहे. साताऱ्याचा आमचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत, आणि मामाकडे २२० फिल्मचा एकच जुना रोल निघाला. मामा म्हणाला, "घाल क्लिकमध्ये, बाराऐवजी चोवीस फोटो येतील." मी नाही म्हटलं. का, ते सांगते.

कोडॅकने १९०१ मध्ये १२० फिल्म आणली. तिच्या पाठीला शेवटपर्यंत काळा कागद असतो आणि त्यावर नंबर छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून तेच नंबर बघत आपण फिल्म पुढे सरकवतो. १९६५ मध्ये २२० आली. रीळ तेवढंच, फिल्म मात्र दुप्पट. मग ती मावते कशी? मधला कागदच काढून टाकला! तो फक्त सुरुवातीला आणि शेवटी ठेवला.

आता घोळ बघा. कागद नाही, म्हणजे लाल खिडकीतून येणारा उजेड थेट फिल्मवर. फोटो खलास. बरं, खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली तरी नंबर कुठले दिसणार? चावीच्या फेऱ्या मोजाव्यात, तर तेही सरळ नाही. रीळावर थर चढत जातात तसा त्याचा व्यास वाढतो आणि एका फेरीत जास्त फिल्म ओढली जाते. त्यात कागद नसल्यामुळे हा व्यास १२० पेक्षा हळू वाढतो. म्हणजे १२० वर बसवलेला हिशोब इथे चालत नाही. फोटो एकमेकांवर चढतील, नाहीतर मध्ये फुकट जागा जाईल.

तिसरी गोष्ट फोकसची. फिल्म सपाट धरणारी प्रेशर प्लेट फिल्म अधिक कागद एवढ्या जाडीसाठी बसवलेली असते. कागद गेला की फिल्म थोडी सैल राहते. मोठ्या अ‍ॅपर्चरला हा फरक दिसू शकतो.

याशिका मॅट १२४ जी मध्ये यावर साधा उपाय आहे. झाकणातली प्लेट दाबून सरकवायची, की ती १२० किंवा २२० साठी सेट होते. नंबर बघायला लाल खिडकीच नाही. फिल्मच्या कागदावरची खूण कॅमेऱ्यातल्या खुणेला जुळवायची, पुढचं काम काउंटरचं. हॅसलब्लाडला तर दोन वेगळे मागचे डबेच मिळायचे, बाराचा आणि चोवीसचा.

कोडॅक, इल्फर्ड, फुजी यांनी २२० बनवणं कधीच बंद केलंय. हातातला रोल गेला तर तसाच दुसरा मिळणं कठीण, आणि वाडा तर पुन्हा उभा राहणार नाही. म्हणून तो रोल मी सीनियरच्या याशिकात घालणार आणि क्लिकमध्ये साधी १२०.

तुमच्याकडे असा रोल असेल, तर लॅबला आधी एकच प्रश्न विचारा: तुमच्या डेव्हलपिंगच्या रीळवर दुप्पट लांबीची फिल्म मावते ना?