आधी कट्टुमरम, मग तीन डोलकाठ्या

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या रस्त्याने निघाले की पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. कावेरीच्या कालव्यांवर पिकणाऱ्या भाताचे आणि नारळाचे हे गाव. मराठी वाचकाला त्याचे नाव ठाऊक असलेच तर ते मुक्तांबा छत्रामुळे. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, रामेश्वरच्या यात्रामार्गावर, मुक्तांबेच्या नावाने ते बांधले. वाटसरूंना जेवण आणि मुक्काम, आणि जोडीला मुलांसाठी शाळा, असा त्याचा पसारा होता. याच वाटेने पुढे पट्टुकोट्टै ओलांडून मल्लिपट्टिणमचा किनारा गाठला की सरफोजींचाच आठ मजली, षट्कोनी मनोरा उभा दिसतो. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ १८१४-१५ च्या सुमारास तो उभारला गेला. त्याच परिसरात राजांनी जहाजबांधणीचे आवार काढले होते आणि त्यांच्या संग्रहात नौकानयनाची उपकरणे व पुस्तके होती, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे भातशेतीतले हे गाव राजवाडा आणि समुद्र यांच्या मधल्या वाटेवरचे आहे. इथल्या एखाद्याला लाकडी जहाजाची प्रतिकृती बांधायला शिकायचे असेल, तर त्याने पहिले काम कोणते घ्यावे? माझे उत्तर आहे कट्टुमरम. दोरीने बांधलेल्या चार-पाच ओंडक्यांच्या तराफ्याला कोणी जहाज म्हणणार नाही, हे मान्य करूनच हे उत्तर देतो आहे.

नवख्याच्या मनात बहुधा दुसरेच काही असते. त्याला तीन डोलकाठ्यांची, तोफांच्या रांगा असलेली, शिडांनी फुगलेली युद्धनौका हवी असते. मराठी माणसाला तर त्यासाठी घरचे निमित्तही सापडते. ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधली, १८१७ मध्ये ती पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती तरंगते आहे. तिचा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट लांब. एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात नुसते ते अंग ९५ सेंटीमीटर भरते, पुढचा दांडा आणि डोलकाठ्या वेगळ्या. अशा जहाजाच्या सुट्या भागांचा संच विकत आणणाऱ्या नवशिक्याचे काम कुठेतरी अडते आणि पेटी माळ्यावर जाते. यावर सगळे म्हणतात, चिकाटी हवी. मला हे निदान पटत नाही. शेकडो गाठी मारायला चिकाटी लागते, पण तिथवर पोचण्याआधीच काम अडलेले असते, आणि ते अडते फळ्यांपाशी. तिथे चिकाटी वाढवून काही होत नाही, कारण तिथे लागते ती समज.

संचातली रचना साधारण अशी असते. मधोमध कणा, म्हणजे पठाण. त्याच्या खाचांत आडवे बसवलेले प्लायवूडचे पडदे, जे वाकांचे, म्हणजे जहाजाच्या बरगड्यांचे काम करतात. आणि त्यांच्यावरून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या अरुंद फळ्या. पेटीतल्या सगळ्या फळ्या सारख्या रुंदीच्या असतात आणि नवख्याला वाटते की त्या एकीखाली एक चिकटवत गेले की झाले. पण जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेशी लहान असतो. मध्यावर वीस फळ्या मावतात म्हणून नाळेशीही वीस मावणार नाहीत. म्हणून प्रत्येक पडद्याचा घेर कागदाच्या पट्टीने मोजायचा, त्याला फळ्यांच्या संख्येने भागायचे, आणि त्या हिशोबाने प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करायची. शिवाय फळी सपाट बाजूने सहज वाकते, कडेच्या दिशेने वाकत नाही; जबरदस्ती केली तर तिची कड उचलली जाते आणि नाळेशी मासळीच्या खवल्यांसारख्या पायऱ्या पडतात. त्याही आधी पडद्यांच्या कडा तिरक्या घासून घ्यायच्या असतात, म्हणजे फळी प्रत्येक पडद्याला पूर्ण रुंदीने टेकेल. हे घासणे कंटाळवाणे म्हणून लोक ते घाईने उरकतात, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात. यातले काहीही अवघड नाही. पण कुठल्या कामाआधी कुठले काम आणि का, हे कळल्याशिवाय हात चालत नाही. दीडशे फुटी फ्रिगेटवर हा धडा गिरवायला घेतला की एकच चूक दोन्ही अंगांना चाळीसदा होते.

म्हणून माझा मुद्दा असा की प्रतिकृती करताना जहाजाच्या रूपापेक्षा त्याच्या बांधणीच्या क्रमाची नक्कल करायला शिकायचे असते. रूपाची नक्कल करणारी उत्तम कला तंजावरात आहेच. दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यातून इथले कारागीर बृहदीश्वराची देखणी मंदिरे कोरतात. या नेट्टी कामाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मंदिराचा दगड कसा चढवला, हे नेट्टीचे मंदिर सांगत नाही आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. उलट सरफोजींच्या संग्रहात हस्तिदंती मानवी सांगाडा होता, ज्याची युरोपीय पाहुण्यांनी नोंद केली आहे. ती वस्तू शोभेची नव्हती, वैद्यकात रस असलेल्या राजाला हाडाला हाड कसे जुळते ते बघायचे होते. लाकडी नौकेची प्रतिकृती या दुसऱ्या जातीची आहे. रंग आणि वार्निश चढल्यावर दोन्ही काचेच्या कपाटात शेजारी बसतील, हे खरे. फरक आत राहतो.

आता कट्टुमरमकडे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या या तराफ्यात हलक्या लाकडाचे तासलेले ओंडके शेजारी ठेवून पुढे-मागे दोरीने आवळतात. आक्षेप उघड आहे: यात शिकण्यासारखे काय? बरेच आहे. ओंडके एका पातळीत नसतात. मधला सगळ्यात खाली आणि बाजूचे किंचित वर, त्यामुळे आडवा छेद उथळ पसरट वाटीसारखा होतो. पुढच्या टोकाला ते एकत्र येतात आणि वर उचललेले वेगळे तुकडे जोडून नाळ होते. म्हणजे प्रत्येक ओंडका स्वतंत्र आकाराचा, डावा-उजवा जोडीने जुळणारा, आणि त्याचे स्थान ठरलेले. बाजू नाहीत, त्यामुळे लाटेचे पाणी आत येते आणि फटींतून निघून जाते. काम संपल्यावर बांधणी सोडून ओंडके वाळवता येतात, म्हणून इथे खिळा चालत नाही. उत्तरेकडे गंजाम-विशाखापट्टणमच्या बाजूला तराफ्याचे ओंडके लाकडी खुंट्यांनी जोडण्याची रीत होती, इथे ती नव्हती. सात मीटरचे कट्टुमरम एकास वीस प्रमाणात ३५ सेंटीमीटर होते, पाटावर मावते. नवशिक्या त्यात समतोल राखायला, दोन बाजू जुळवायला, दोरीचा जाडपणा प्रमाणात निवडायला आणि मुख्य म्हणजे डिंक बाजूला ठेवून बांधायला शिकतो. डिंकाने चिकटवलेले कट्टुमरम दिसायला हुबेहूब असेल, पण त्यातून काही शिकणे झाले नाही. गाठी सोडून ते पुन्हा बांधता आले पाहिजे, ही कसोटी लावायला दुसऱ्या कुणाची गरज नाही.

दुसरे काम म्हणून विकतचा संच घ्यायला माझी हरकत नाही. संच म्हणजे कारागिरी नव्हे, असे म्हणणारे शुद्धतावादी असतात. लेझरने कापलेले तुकडे जोडणे ही जोडाजोड आहे, असे त्यांचे म्हणणे. ते अर्धेच खरे आहे. संच निर्णय लपवतो, पण हात तयार करतो. अमेरिकेतल्या ‘मॉडेल शिपवेज’ने नवशिक्यांसाठी काढलेल्या मालिकेत पहिली नौका आहे ग्रँड बँक्सची डोरी, एकास चोवीस प्रमाणातली, सपाट बुडाची आणि मोजक्याच रुंद फळ्यांची. त्यानंतर नॉर्वेची छोटी शिडाची होडी आणि मग लॉबस्टर पकडायची नौका, अशी चढण आहे. ज्यांनी ही मालिका आखली त्यांनाही फ्रिगेटने सुरुवात नको होती, एवढे तरी यातून दिसते. माझी खरी तक्रार दुसरी आहे. बहुतेक संच आधी सांगाडा, मग फळ्या हा एकच क्रम शिकवतात आणि नवशिक्याला तो नौकाबांधणीचा सार्वत्रिक नियम वाटू लागतो. कोरोमंडलवर तसे नव्हते. मद्रासला बंदर नव्हते त्या काळात जहाजावरचे उतारू आणि माल लाटांतून किनाऱ्यावर आणणारी मसुला होडी काथ्याने शिवलेली असे, आणि तिला वाक नसतच. फळ्यांचे कवच लवचिक होते म्हणूनच ते आपटण्यात टिकत असे. ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे अलीकडचे जहाज अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात याच शिवणीच्या पद्धतीने बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. चित्रावरून जहाज करायचे, नकाशा एकही नाही. तेव्हा पाण्यातले वर्तन अजमावण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. प्रतिकृती हा निव्वळ फावल्या वेळचा छंद मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

स्थानिक नौकांचे नकाशे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. तो वाटतो तितका अवघड नाही. फ्रेंच नौदलाचे अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारिस यांनी जगप्रवासांत ठिकठिकाणच्या नौका मोजून काढल्या आणि १८४० च्या दशकाच्या आरंभी युरोपबाहेरच्या नौकाबांधणीवर मोठा चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोरोमंडलच्या नौका आहेत आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याचे पतेमारीही आहे. पुढे पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी या मोजमापांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय नौकांच्या घडणीवर सविस्तर निबंध लिहिला. दोघेही परके होते आणि त्यांच्या अनुमानांशी वाद घालता येईल, पण मोजमापे मोजमापे असतात.

लाकडाबद्दल एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे: सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानीच हवी. नको. नौका लहान होते, लाकडाची रेघ लहान होत नाही. एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात सागाची ठळक रेघ फळीवर ओढलेल्या नांगरटीएवढी दिसते. परदेशी कारागीर म्हणूनच पेअर किंवा बॉक्सवूड वापरतात. आपल्याकडे हळदू आहे, बारीक आणि सम पोताचा. चन्नपट्टणची खेळणी ज्या काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची होतात तोही चालेल. तंजावरला वीणा फणसाच्या लाकडाची करतात, म्हणून तिथे फणस सहज मिळतो, पण त्याचा पोत जाडसर. कट्टुमरमच्या ओंडक्यांना तो ठीक, एक मिलिमीटर जाडीच्या फळ्यांना नाही. सावंतवाडीचा पांगारा मऊ असल्यामुळे आकार देण्याचा सराव करायला उत्तम आणि बारीक कडा टिकवायला वाईट.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सारे स्मरणरंजन आहे. मल्लिपट्टिणम, अदिरामपट्टिणमला आता फायबरच्या मोटारहोड्या चालतात. मच्छीमाराने लाकूड सोडले, आणि तेही योग्य कारणांनी: फायबरची देखभाल कमी, वेग जास्त. मग ओरत्तनाडूच्या घरात बसून कुणी कट्टुमरम बांधले तर समुद्राला त्याचे काय? काही नाही. प्रतिकृती समुद्र शिकवत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात टॉर्कीच्या टाकीत चाचण्या घेऊन दाखवले की प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरावा लागतो. एकास पंचवीस प्रतिकृतीने खऱ्या नौकेच्या एकपंचमांश वेगानेच जायचे, तरच लाटा तुलनेस पात्र. पाण्याचा चिकटपणा तर त्या हिशोबातही बसत नाही. तेव्हा परातीत तरंगवलेल्या तराफ्यावरून खऱ्या तराफ्याचे गुण ठरवू नयेत. पण फायबरची होडी साच्यात थर देऊन घडवली जाते, आणि साचा आधी केलेल्या एखाद्या घन आकारावरून उतरवलेला असतो. असा आकार पूर्वीच्या लाकडी होडीवरून घेतलेला असला, तर ती वळणे त्या फायबरमध्ये उतरतात. ती मोजता येतात. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणायची, दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडायचा, ओळंब्यापासून अंगापर्यंतचे आडवे अंतर वेगवेगळ्या उंचीवर टिपायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे. दोन माणसे, एक पट्टी, एक वही, आणि होडी वाळूवर ओढलेली असेल तेव्हाची सकाळ. मालकाला विचारून, अर्थातच. तक्त्यावरून घरी कागदावर छेद काढले की तिसऱ्या नौकेचे पडदे तयार होतात, आणि हे पडदे कुठल्या पेटीतून आलेले नसतात.